टीम कोण लावणार? आमच्या क्लबने कोच शोधला त्याची गोष्ट

कोच शोधायचा म्हणजे नक्की काय काय करायचं असतं हे आमच्या कमिटीत कुणालाच माहीत नव्हतं. आधीचे सर आले ते कुणाच्या तरी ओळखीने आले, त्यांच्या आधीचे तर क्लबचेच जुने प्लेयर, म्हणजे जाहिरात, अर्ज, मुलाखत ही भानगड कधी झालीच नव्हती. मी क्लबचा सहसचिव, तेही मराठी टायपिंग येतं आणि पावत्या नीट ठेवतो एवढ्याच गुणावर, त्यामुळे सगळं माझ्या गळ्यात पडलं.

आमचा क्लब काही आयएसएलमधला, म्हणजे देशातल्या मोठ्या इंडियन सुपर लीगमधला नाही हे आधीच सांगतो. सीनियर टीम, एक अंडर-१७, लहान पोरांची एक बॅच, जिल्ह्याची लीग आणि वर्षात दोन-चार बाहेरच्या टुर्नामेंट, पुणे, मिरज, कधी गडहिंग्लज. सोलापुरात फुटबॉल खेळतात हेच अर्ध्या सोलापूरला माहीत नाही, पार्क स्टेडियम म्हटलं की क्रिकेट, होम मैदान म्हटलं की गड्डा यात्रा, आणि आम्ही विजापूर रोडकडच्या एका शाळेच्या मुरमाड ग्राउंडवर, जिथे स्लायडिंग टॅकल मारली तर मांडीची सालपटं निघतात. पण पोरं चांगली आहेत. पूर्व भागातली तेलुगू बोलणारी आहेत, रेल्वे कॉलनीतली आहेत, होटगी रोडकडची दोघं घरात कन्नड बोलणारी आहेत, आणि मैदानात उतरले की सगळे मिळून जी भाषा बोलतात तिला काय म्हणायचं मला माहीत नाही, पण शेवटी "बे" असतं.

२०२५ च्या जूनमध्ये सरांचा फोन आला, पुण्याजवळच्या एका निवासी शाळेत नोकरी लागली, क्वार्टर आहे, पीएफ आहे. त्यांना काय बोलणार? दिवसा शाळेत पीटी आणि संध्याकाळी क्लब, बहुतेक कोच लोकांचा संसार असाच चालतो, आणि क्लबचं मानधन हे त्यातलं चहापाण्याचं. इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचा कोच क्लॉप, त्याने जानेवारी २०२४ मध्येच सांगून टाकलं होतं की सीझन संपला की मी चाललो, क्लबला शोधायला महिने मिळाले, त्यांनी हॉलंडच्या फेयेनूर्ड क्लबहून आर्ने स्लॉटला आणला आणि पुढच्याच सीझनला लीग जिंकली. आम्हाला सरांनी गुरुवारी सांगितलं आणि सोमवारी त्यांचं जॉइनिंग होतं.

मीटिंग बसली सेक्रेटरींच्या टॉवेलच्या दुकानावर, चाटी गल्लीत, वरच्या मजल्यावर, गठ्ठ्यांवर बसून. पहिला ठराव पाच मिनिटात, "कोल्हापूरचा आणा." आमच्याकडे फुटबॉलचा विषय निघाला की सगळे एकदम कोल्हापूरकडे बघतात. त्यात चूक काही नाही, शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच ज्यानं बघितली तो परत पहिल्यासारखा राहत नाही, पेठाच्या पेठा येऊन बसतात. पण मी म्हटलं, मालक, तिथलं फुटबॉल कोचमुळे आहे का पेठेमुळे आहे? तिथे पोरगं चालायला लागलं की तालमीचा रंग कुठला ते त्याला कळतं, तो सगळा माहोल एका माणसाच्या बॅगेत भरून सिद्धेश्वरांच्या गावात कसा येणार? यावर अध्यक्ष म्हणाले, "तू टाईप कर बे, भाषण नको." केलं टाईप.

पहिला ड्राफ्ट असा होता : अनुभवी, शिस्तप्रिय, निर्व्यसनी प्रशिक्षक पाहिजे, सोलापूर शहरात राहण्यास तयार असावा. खजिनदारांनी वाचला आणि म्हणाले, "हे स्थळाची जाहिरात वाटूलालंय." सगळे हसले पण त्यांचं खरं होतं. आम्ही काय मागतोय हे आम्हालाच ठरवता येत नव्हतं. अध्यक्षांना लीग जिंकून देणारा पाहिजे, सेक्रेटरींना अंडर-१७ ची पोरं वर आणणारा पाहिजे, खजिनदारांना स्वस्तात पाहिजे, आणि मला एवढंच वाटत होतं की वर्षभर रोज साडेपाचला ग्राउंडवर दिसणारा माणूस पाहिजे. या चार गोष्टींसाठी खरं तर चार वेगळी माणसं लागतात. शेवटी वाद घालून एक ओळ ठरली, "मुख्य जबाबदारी सीनियर टीम, आठवड्यातून दोन सकाळी अंडर-१७", आणि ही एक ओळ लिहायला पूर्ण संध्याकाळ गेली, पण पुढचं सगळं त्या ओळीमुळे सोपं झालं हे नंतर कळलं.

मग लायसन्सचा प्रश्न. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, आपल्याकडे शिडी आहे, खाली ई आणि डी हे एआयएफएफचे, म्हणजे देशाच्या फुटबॉल फेडरेशनचे कोर्स, मग सी, बी, ए आणि शेवटी प्रो ही एएफसीची, म्हणजे आशियाच्या फेडरेशनची लायसन्स. आयएसएलच्या टीमचा हेड कोच व्हायचं तर प्रो लागतं. आमच्यासारख्यांना डी वाला मिळाला तरी खूप, सी वाला मिळाला तर पेढे वाटायचे. कमिटीतले एक काका म्हणाले लायसन्स कशाला, आमच्या वेळी कुठं होतं. आम्ही "डी किंवा वर" असं लिहिलं. मला स्वतःला लायसन्सचं एवढं कौतुक नाही, पण ज्याने स्वतःच्या खिशातून फी भरून, रजा टाकून कोर्स केला त्याला हे काम करायचं आहे एवढं तरी त्यातून कळतं.

जाहिरात जुलैच्या सुरुवातीला ग्रुपवर फिरवली आणि नेमकं त्याच दिवसात इंडियाचाही कोच गेला. मानोलो मार्केझ. जूनमध्ये हाँगकाँगने १-० ने हरवलं, आणि २ जुलैला फेडरेशनने आणि त्यांनी एकमेकांच्या संमतीने फारकत घेतली. म्हणजे एकाच वेळी देश पण कोच शोधूलालाय आणि आम्ही पण शोधूलालाव, ग्रुपवर नुसता धुमाकूळ. एआयएफएफला १७० अर्ज आले. त्यात बातमी आली की बार्सिलोनाच्या झावीने पण अर्ज केलाय, पैसे परवडणार नाहीत म्हणून विचार केला नाही, आणि एक-दोन दिवसात फेडरेशननेच सांगितलं की झावी आणि जगप्रसिद्ध कोच पेप गार्डिओला या दोघांच्या नावाने आलेले ईमेल खरे नव्हते. हे झाल्यावर आमची पोरं गप्प बसणार का, दुसऱ्या दिवशी क्लबच्या मेलवर अर्ज, "पेप गार्डिओला, मु. पो. कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर, अपेक्षित मानधन महिन्याला दोन किलो शेंगा चटणी, राहण्याची सोय नको, मामाचं घर आहे." अध्यक्षांनी तो खरा समजून मला विचारलं, "हा कुंभारीचा कोण आहे बे? बघ की त्याला बोलावून."

खरे अर्ज मात्र वाटलं त्यापेक्षा जास्त आले. कोलकात्याच्या एकाचा आला, फाईल एवढी मोठी की डाउनलोड होईना, शेवटच्या पानावर फ्लॅट, एसी आणि वर्षातून दोनदा विमानाचं तिकीट. केरळच्या एका तरुणाचे व्हिडिओ बघून मी खरंच हरखलो, इतकी सुंदर प्रॅक्टिस, पण त्याला मल्याळम आणि इंग्लिशशिवाय काही येत नव्हतं, आणि आमच्या लेफ्ट बॅकला इंग्लिशमध्ये "ड्रॉप", म्हणजे मागे ये, असं म्हटलं की तो बॉल सोडून देतो. पुण्याचा एक सी लायसन्सवाला म्हणाला, शनिवारी इंद्रायणीने येतो, रविवारी परत जातो, मधले दिवस तुमच्यातलाच कुणीतरी पोरांना पळवा. तो हुशार होता, पण मार्केझनेही पहिल्या वर्षी एफसी गोवा क्लब आणि इंडिया दोन्ही सांभाळलं होतं, आणि ते प्रकरण कसं संपलं ते आमच्या डोळ्यासमोर ताजं होतं. अर्थात मार्केझला नॅशनल टीमचे कॅम्पच मोजके असतात हा भाग वेगळा, आमच्याकडे रोज प्रॅक्टिस आहे. त्याला नाही म्हणालो.

फोनवर चौकशी करायचं काम माझ्याकडे. पहिले काही फोन वाया गेले कारण मी विचारायचो "माणूस कसा आहे?" आणि समोरचा म्हणायचा "चांगला आहे." महाराष्ट्रात कुणी कुणाबद्दल फोनवर वाईट बोलत नाही, अनोळखी माणसाला तर नाहीच. मग मी प्रश्न बदलले. सीझनच्या कुठल्या महिन्यात सोडून गेले? ते गेल्यावर किती पोरांनी क्लब सोडला, का उलट परत आली? सबस्टिट्यूट म्हणून बसणारी पोरं शेवटपर्यंत प्रॅक्टिसला येत होती का? हे विचारलं की समोरचा जरा थांबतो, आणि तो थांबला की आपल्याला कळतं. एका नावाजलेल्या माणसाबद्दल असं विचारलं तर पलीकडचे गृहस्थ खूप वेळ गप्प राहून म्हणाले, "पैसे ॲडव्हान्स देऊ नका." बास, विषय संपला.

असं करत करत तीन नावं राहिली. एक कोल्हापूरचे सर, सी लायसन्स, चांगल्या टीमबरोबर काम केलेलं. दुसरे आमच्या सोलापूरचेच, रेल्वेतून रिटायर झालेले काका, ज्यांच्या हाताखाली सेक्रेटरी स्वतः खेळलेत. तिसरा पूर्व भागातला एक जुना कीपर, वय पस्तिशीच्या आतबाहेर, डी लायसन्स, सकाळी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर आणि संध्याकाळी एका शाळेच्या मुलींची टीम घेतो. तिसऱ्याचं नाव यादीत बघून अध्यक्ष म्हणाले, "कटिंग मास्टर?" मी म्हटलं ट्रायल तर बघू.

ट्रायल म्हणजे प्रत्येकाने एक संध्याकाळ आमच्या पोरांची प्रॅक्टिस घ्यायची आणि आपण खुर्च्या टाकून बघायचं. माझ्या मते कोच निवडताना एवढी एकच गोष्ट केली आणि बाकी काही नाही केलं तरी चालतं.

रेल्वेचे काका आले ते शिट्टी घेऊनच. ग्राउंडला राउंड, मग अजून राउंड, मग जोर, मग झाडाखाली उभं करून शिस्तीवर बोलले, बॉल बाहेर निघाला तेव्हा उजेड कमी व्हायला लागला होता. पोरं त्यांना मानतात, कुणी एक शब्द काढला नाही, पण दोघं-तिघं माझ्याकडे असे बघत होते की वाचव. नंतर त्यांना नाही सांगायला सेक्रेटरी तयार होईनात, मलाच घरी पाठवलं, आणि काकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले माझं काय नाही, पण त्या डाव्या बाजूच्या पोराचे बूट फाटलेत ते आधी बघा. बूट खरंच फाटले होते. रोज ग्राउंडवर असणाऱ्या आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

कोल्हापूरच्या सरांची प्रॅक्टिस म्हणजे मेजवानी. पहिल्या मिनिटापासून बॉल, छोट्या चौकोनात चार विरुद्ध दोन, एक टच, दोन टच, मग चौकोन मोठा, मग गोल लावून, आणि आवाज असा की रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून बघायला लागले. आमचा स्ट्रायकर, जो प्रॅक्टिसला पाय ओढत येतो, तो त्या दिवशी बॉल हरवला की स्वतः मागे पळत होता. अध्यक्षांनी तिथेच खुर्चीत बसून ठरवून टाकलं होतं.

कटिंग मास्टर कारखान्यातून थेट आला, शर्टाच्या खिशात खडू. आल्या आल्या बॉल मोजले, एकेक उचलून अंगठ्याने दाबून बघितला, दोन बाजूला ठेवले, म्हणाला यात हवा नाही, यांनी खेळलं की पास चुकतो आणि पोरगं समजतं आपलीच चूक. मग पावलं टाकत ग्राउंडचे तुकडे पाडले, खुणेचे प्लास्टिकचे कोन कमी होते तिथे विटा ठेवल्या. बघायला साधीच प्रॅक्टिस होती, कोल्हापूरवाल्या सरांसारखी मजा अजिबात नव्हती. पण दोन गोष्टी मला दिसल्या. एक, पाच-सात मिनिटांनी जो पोरगा उशिरा आला त्याला तो ओरडला नाही आणि राउंडपण मारायला लावले नाहीत, तर थेट कीपरला बॉल फेकून द्यायच्या कामाला लावला, आणि पोरगं वीस मिनिटं हात दुखेपर्यंत फेकत राहिलं. दुसरी, बाकी दोघांनी कीपरकडे बघितलंच नव्हतं. याने दुसऱ्या नंबरच्या कीपरला, ज्याला आम्ही फक्त जर्सी सांभाळायला नेतो, बाजूला घेऊन पाय कसे ठेवायचे ते दाखवलं, अर्धं तेलुगूत, अर्धं हिंदीत, आणि मग सगळ्यांसमोर कॉर्नर मारून त्याच्याकडूनच पकडून घेतले. पोरगं त्या दिवशी घरी जाताना उड्या मारत होतं.

मी म्हटलं पोरांनाही विचारू. यावर कमिटीत जरा नाराजी, "पोरं ठरवणार का आता?" ठरवणार नाहीत, पण विचारायला काय जातं. चिठ्ठ्या घेतल्या, नाव न लिहिता. बहुतेकांनी कोल्हापूरचे सर लिहिले, साहजिक आहे. कॅप्टन मात्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, कोण पण आणा, पण बाहेर बसवला तर का बसवला ते तोंडावर सांगणारा पाहिजे. आत्तापर्यंत कुणी सांगितलंच नाही."

त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि कारण आम्हाला माहीत होतं. आमच्याकडे टीम कोच लावत नाही. मॅचच्या आदल्या रात्री कमिटीच्या ग्रुपवर चर्चा होते, अध्यक्ष एक नाव टाकतात, खजिनदार एक टाकतात, कुणीतरी अंगठा दाखवतो, आणि सकाळी सरांना यादी जाते. आधीच्या सरांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. आता विचार केला तर वाटतं, पुण्याची नोकरी पटकन धरण्यात याचाही हात असेल. खजिनदारांचा मुलगा राईट विंगला खेळतो. वाईट खेळत नाही हो, पळायला जबरदस्त आहे, पण बॉल त्याच्याकडे गेला की परत कुणाकडे येत नाही, आणि तो कायम पहिल्या अकरात असतो.

कोल्हापूरच्या सरांची मुलाखत त्याच टॉवेलच्या गठ्ठ्यांवर झाली. मानधन ठरलं, राहायला सेक्रेटरींच्या नात्यातली एक खोली ठरली, पाणी चार दिवसाआड येतं हे आधीच सांगून टाकलं, ते हसले. सगळं झाल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "टीम कोण लावणार?"

कुणी काही बोलेना. अध्यक्ष म्हणाले, "आपण सगळे मिळून ठरवू की, घरचंच आहे." सर "हो, हो" म्हणाले, वातावरण छान, जाताना सगळ्यांशी हात मिळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन, इकडचा सीझन लवकर सुरू होण्याची शक्यता आहे, मला जमणार नाही, राग मानू नका. मी काय राग मानणार. मला तर त्यांनी प्रश्न विचारला तेव्हाच कळलं होतं.

यानंतरची मीटिंग म्हणजे आमच्या क्लबच्या इतिहासातली सगळ्यात वाईट मीटिंग. कोल्हापूरवाला गेला कुणामुळे यावरून सुरुवात आणि मग मागचं सगळं निघालं, मिरजेच्या टुर्नामेंटला कुणाच्या सांगण्यावरून कुठला बॅक बदलला, जर्सीचे पैसे कुणी दिले, सगळं. खजिनदार म्हणाले पैसे आम्ही घालतो, वेळ आम्ही घालतो, मग टीम लावायचा हक्क बाहेरच्याला कसा? हा प्रश्न काही अगदीच चूक नाही. वर्षानुवर्षे त्या माणसाने खिशातून बस भाड्याला पैसे दिलेत. मी एवढंच म्हटलं, टीम आपण लावणार असू तर कोच शोधायचाच कशाला, एक माणूस ठेवू जो बॉलमध्ये हवा भरेल आणि कोन लावेल, निम्म्या पैशात मिळेल. यावर बरंच बोलणं झालं, दोघं उठून पण गेले, पण शेवटी अध्यक्षांनीच मान्य केलं. मला वाटतं त्यांच्या डोक्यात अजून कोल्हापूरवाला होता आणि तो हातचा गेल्याचं दुःख होतं.

कटिंग मास्टरला बोलावलं तर तो बसायच्या आधीच म्हणाला, "टीम मी लावणार. ते जमत असेल तर बसतो." कोल्हापूरच्या सरांनी प्रश्न म्हणून विचारलेलं याने अट म्हणून घातलं. मग दुसरी अट, मॅच चालू असताना बेंचच्या मागे कमिटीतलं कुणी उभं राहायचं नाही. तिसरी, मानधन सात तारखेच्या आत. मानधन त्याने कोल्हापूरच्या सरांपेक्षा कमीच मागितलं. एवढं सगळं लिहून पाहिजे म्हणाला. कमिटीतले काका म्हणाले, "आपल्या आपल्यात लिहून कशाला?" तर तो म्हणाला, काका, कारखान्यात मी माप लिहून न घेता कापड कापत नाही.

करार मीच टाईप केला. पाचशेचा बाँड आणावा लागला, शंभरचा आता चालत नाही, खजिनदारांनी त्यावरही एकदा तोंड वाकडं केलं. मी त्यांना मार्केझच्या आधीचा इंडियाचा कोच स्टिमाच, त्याची गोष्ट सांगितली. जून २०२४ मध्ये कतारकडून हरल्यावर इंडिया वर्ल्ड कप क्वालिफायरमधून बाहेर पडली, फेडरेशनने इगोर स्टिमाचला करार शिल्लक असताना काढलं, आणि मग भांडून भांडून शेवटी ४ लाख डॉलरवर तडजोड झाली. आपल्याकडे डॉलर नाहीत, पण दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस हे कलम तरी असू दे. त्यांनी सही केली. करार मार्चअखेरपर्यंतचा, म्हणजे परीक्षा सुरू व्हायच्या आधी आपण रिन्यू करायचं का नाही ते ठरवायचं.

इकडे आमचं ठरलं आणि तिकडे १ ऑगस्टला इंडियाचा पण कोच जाहीर झाला, खालिद जमील. शेवटच्या तिघांत ते, स्टीफन कॉन्स्टंटाईन आणि स्लोवाकियाचे स्टीफन टारकोविच होते. ज्याने २०१७ ला मिझोरमच्या आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग, म्हणजे देशातली तेव्हाची वरची लीग जिंकून दिली त्याला मिळालं याचा मला आनंद झाला, आणि ग्रुपवर मी तसं लिहिलंही. पहिल्याच मॅचला ताजिकिस्तानला त्यांच्याच घरात २-१ ने हरवलं, मग ओमानला पेनल्टीवर मारून काफा नेशन्स कपमध्ये तिसरा नंबर. आमच्याकडे एवढं झकास काही झालं नाही. पहिली मॅच हरलो, दुसरी ड्रॉ.

पहिल्या मॅचच्या आदल्या रात्री कमिटीच्या ग्रुपवर सवयीप्रमाणे अध्यक्षांनी दोन नावं टाकली आणि पाच मिनिटात स्वतःच डिलीट केली. सकाळी टीम लागली, खजिनदारांचा मुलगा बेंचवर. मास्टरने वॉर्मअपच्या आधी त्याला बाजूला घेतलं आणि काहीतरी बोलला. नंतर मी पोराला विचारलं तर म्हणाला, "बॉल मिळाल्यावर पहिलं कुणाकडं बघायचं ते शिक म्हणाले, तोपर्यंत सेकंड हाफला घेतो म्हणाले." सेकंड हाफला घेतलं पण. त्याने एक पास असा दिला की मी पंधरा वर्षांत आमच्या क्लबच्या राईट विंगकडून तसा बघितला नाही, पुढे आमच्या स्ट्रायकरने तो बारच्या वरून मारला ते सोडा.

खजिनदार त्यानंतर मॅचला येत नाहीत, ग्राउंडवरून गाडी हळू करून जातात असं पोरं सांगतात. माझ्याशी मोजकंच बोलतात. मानधन मात्र सात तारखेच्या आत जातंय, एकदा तर पाचलाच गेलं. त्यांच्या पोराने प्रॅक्टिस एकदाही चुकवलेली नाही.

ऑक्टोबरमध्ये इंडिया गोव्यात सिंगापूरकडून १-२ हरली आणि आशिया कपची क्वालिफिकेशन गेली, त्या रात्री क्लबच्या मोठ्या ग्रुपवर लगेच सुरू झालं, जमीलला काढा, परदेशी आणा, आपली लायकीच नाही वगैरे. ज्यांनी ऑगस्टमध्ये आतषबाजीचे स्टिकर टाकले होते तीच मंडळी. अध्यक्षांनी पण लिहिलं, "नवीन कोच बघायला पाहिजे." कुठल्या टीमचा ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे दहा मिनिटं नुसता गोंधळ, कुणी विचारूलालाय आपला का इंडियाचा, कुणी रडका चेहरा टाकूलालाय. मास्टरने त्याच्याखाली लिहिलं, "उद्या साडेपाचला प्रॅक्टिस आहे. बिब धुऊन आणायचा नंबर कुणाचा?" कुणीच उत्तर दिलं नाही. म्हणून मीच फोन करत बसलो, बिब, म्हणजे प्रॅक्टिसला टीम ओळखू यावी म्हणून जर्सीवर घालायची बनियनं, राईट विंगवाल्याच्या घरी निघाले, खजिनदारांच्या गॅलरीत वाळत घातले होते.